‘दे’ म्हटलं की किल्ली फिरवायची

४ मार्च, सोमवार

टक. एवढंच. किल्ली फिरवली की टक, पुढे काही नाही.

मी ड्रायव्हरच्या सीटवर, हे बॉनेटमध्ये डोकं घालून. आमचं पहिल्यापासून असंच. हे ‘दे’ म्हणतात, मी किल्ली फिरवते. अक्षर येत नाही मला, पण किल्ली येते. सकाळभर तेच चाललं होतं – दे, टक, दे, टक. शेवटी मी म्हटलं, अहो, गाडीला उचकी लागलीय, पाणी पाजा. हसले नाहीत.

सून लिहून घेतेय हे. तिला बजावलंय, माझ्या तोंडचं जसंच्या तसं उतरव. मला वाचता येत नाही म्हणून उगीच शहाणी करून ठेवशील मला.

आता खरं सांगते. टक ऐकून मला बरं वाटलं.

५ मार्च, मंगळवार

का बरं वाटलं, ते काल सांगवलं नाही.

गेल्या महिन्यात हे गाडी घेऊन भाजीला गेले. संध्याकाळ झाली तरी पत्ता नाही. मुलगा शोधत फिरला. सापडले ते जुन्या शाळेच्या रस्त्याला. यांनी जन्मभर याच गाडीतून शाळेच्या पोरांची ने-आण केली. ती शाळा केव्हाच बंद पडली, तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. हे दुकानासमोर गाडी लावून बसलेले. म्हणे, अजून सुटली कशी नाहीत पोरं?

मुलगा म्हणाला, बाबा, मी चालवतो. ऐकतील तर ना. परत येताना लाल दिव्याला थांबले नाहीत. एक सायकलवाली बाई थोडक्यात वाचली. घरी आल्यावर मुलाने आधी डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार. गाडी चालवू द्यायची नाही.

किल्ली लपवून पाहिली. तांदळाच्या डब्यात. हे जेवेनात, झोपेनात, घरभर शोधत फिरायचे. मलाच येऊन विचारलं, “तुम्ही कोण? माझी किल्ली कुठे ठेवलीत?” मला ‘तुम्ही’ म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान दिला, आणि तो असा. मी डब्यात हात घातला आणि किल्ली काढून दिली.

आता मुलगा म्हणतो, “बंद आहे तोवर राहू दे, आई. चालू झाली की भंगारवाल्याला बोलावणार. मला दुसरा इलाज नाही.”

चूक नाही त्याची. पण गाडी गेली तर हे सकाळी उठून जातील कुठे?

७ मार्च, गुरुवार

बॅटरीच्या तोंडांवर पांढरी भुकटी साचली होती. यांनी गरम पाण्याने धुतली, घासली, वायरी घट्ट केल्या. एका वायरीचं कव्हर फाटलं होतं, तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. ही यांची सहीच. घरातला नळ, बादलीची कडी, माझ्या चष्म्याची दांडी – जिथे मोडलं तिथे ट्यूबची पट्टी. मी म्हणते, मी गेले की मलाही गुंडाळून ठेवाल.

मग दिवे लावून बघितले. लख्ख. हॉर्न खणखणीत. “म्हणजे बॅटरी नाही,” म्हणाले. “करंट येतोय, स्टार्टर घेत नाही.” नातवंडांची नावं गेली यांची. स्टार्टर राहिला.

पान्याने स्टार्टरला हलकेच ठोकलं, म्हणाले “दे.” इंजिन एकदा गुरगुरलं! दुसऱ्यांदा दिली तर टक. मी सुटकेचा श्वास टाकला, तो बहुतेक यांना ऐकू गेला. बॉनेटच्या फटीतून बघत होते माझ्याकडे.

९ मार्च, शनिवार

यांनी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावून घेतलं. त्याने गाडीखाली शिरून स्टार्टर उतरवला, ओट्यावर उघडला. आतले कार्बन, म्हणजे करंट पोचवणारे ठोकळे, झिजून नखाएवढे राहिले होते. “काका, यांनी बरीच नोकरी केली,” म्हणाला मिस्त्री. हे म्हणाले, “माझ्याएवढी नाही.”

नवे कार्बन घातले. ओट्यावरच बॅटरीच्या वायरी टेकवून बघितलं तर स्टार्टर गरगर फिरला. हे लहान मुलासारखे हसले. मला तेव्हा वाटलं, होऊ दे बाई चालू, जाऊ दे सगळं.

परत बसवला. “दे.” दिली. पहिल्या झटक्याला चालू. धूर, खडखडाट, खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

हे दाराशी आले. दारावर हात ठेवून उभे राहिले. मी म्हटलं, पाय आखडलाय, उठता येत नाही. मी इंजिन बंद केलं तरी तिथेच उभे.

मुलगा आतून बघत होता. त्याने फोन लावला. भंगारवाला पुढच्या शनिवारी येणार.

१० मार्च, रविवार

मी दिवसभर गाडीत बसले. पाय आखडलाय ना! सुनेने ताट तिथेच आणून दिलं. आधी हसत होती. मग हसेना.

११ मार्च, सोमवार

सकाळी हे म्हणाले, “दे.” दिली. टकसुद्धा नाही. पुन्हा दिली. काहीच नाही.

परवापर्यंतची गाडी बोलायची तरी, ही मुकी झाली. हा आजारच वेगळा, एवढं मलाही कळतं. मिस्त्री आला, खाली शिरला. हे हात धुवायला आत गेले होते. तो बाहेर आला आणि माझ्या खिडकीशी वाकून हळूच म्हणाला, “काकू, किल्लीपासून स्टार्टरला जाणारी बारीक वायर निघालीय. ती आपोआप निघत नाही. कुणीतरी हाताने काढलीय.”

मी म्हटलं, तुला दिसली का?

त्याने फडक्याला हात पुसले. म्हणाला, “मला काय दिसणार, तिथे अंधार असतो.” चांगल्या घरचा आहे.

यांना त्याने सांगितलं, काका, एक भाग मागवावा लागेल, वेळ लागेल. मला वाटलं आता चिडतील. तर म्हणाले, “येऊ दे सावकाश. घाई कुणाला आहे.”

वायर मुलाने काढली, दुसरं कोण. बापाला तोंडावर नाही म्हणवलं नसेल. रात्री त्याच्या ताटात साय जास्त वाढली. तो म्हणाला, “आज काय विशेष?” मी म्हटलं, काही नाही, खा. जेवल्यावर त्याने भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं.

१४ मार्च, गुरुवार

रोज सकाळी दे. रोज गप्प.

हे फ्यूज तपासतात, किल्लीचं घर खोलून पुसतात, पुन्हा लावतात. हात काळे करून आत येतात, पोटभर जेवतात. आज मला “अगं” म्हणाले. “अगं, साबण कुठे ठेवलास?” साबण समोरच होता. मी मुद्दाम उशिरा दिला, आणखी एकदा म्हणावं म्हणून.

१६ मार्च, शनिवार

मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, “मिस्त्री बोलला मला. वायर काढलीस ते बरं केलंस, आई. मला सुचलंच नव्हतं.”

मी म्हटलं, मी? मला वाटलं तू काढलीस.

“मी नाही गं.”

दोघांनी सुनेकडे बघितलं. ती म्हणाली, “मला बॉनेटसुद्धा उघडता येत नाही, आई.” हेही लिही म्हटलं. लिहितेय.

१७ मार्च, रविवार

उजाडल्यावर हे उठायच्या आधी मीच गेले बघायला. सुनेने बॉनेट धरलं, अखेर शिकली. बारीक वायर बाजूला काढलेली, टोक कुठे टेकू नये म्हणून झाकलेलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी. दोन वेढे, टोक आत खोचलेलं.

हे मागे येऊन उभे होते. “तिला हात लावू नकोस,” म्हणाले. मग, “त्या दिवशी लाल दिव्याला गाडीत पोरं असती तर?”

मी सीटवर जाऊन बसले. यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं.

“दे.”

मी किल्ली फिरवली.