सुमती ऊर्फ यमुना

१४ नोव्हेंबर १९७७

सुमतीचा व्हिसा आला!

रुपराव स्वतः घेऊन आला. नर्सेसना आखातात पाठवायचं त्याचं सीताबर्डीवर ऑफिस आहे – एक टेबल, एक पंखा. दारातूनच ओरडला, "वहिनी, पेढे काढा!" पेढे नव्हते. संत्रं दिलं.

कुवेतचं एक इस्पितळ जामीन राहणार. तेच बोलावणार, तेच ठेवून घेणार. दुसरीकडे नोकरी करायची नाही, सुट्टीवर यायचं तरी त्यांना विचारून. मी म्हणालो, "म्हणजे दुसरं सासरच की!"

सुमती म्हणाली, "तिथं पगार देतात जी."

तीनेक महिने काम झालं की इस्पितळाच्या शिफारशीवर नवऱ्यालाही बोलावता येतं. म्हणजे मीही जाणार. पुण्याच्या दैनिकाचा नागपूरचा वार्ताहर कुवेतमध्ये काय करणार, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

१६ नोव्हेंबर

घोटाळा. व्हिसा यमुना गणपत हेडाऊ या बाईचा आहे. पासपोर्ट सुमती मार्तंड पराते हिचा.

नर्सिंगचं सर्टिफिकेट लग्नाआधीचं, म्हणून त्यावर माहेरचं नाव. तेच कुवेतला गेलं. आम्ही तिघांनी ते कितीदा हाताळलं, एकालाही खटकलं नाही! खटकणार कसं? लग्नात बाईचं नाव बदलतं, आडनावासकट सगळंच. इथे हे कुणाला सांगावं लागत नाही. कुवेतला सांगायला हवं होतं.

रुपराव डोकं धरून बसला. "भाऊ, त्याहिच्या हिशोबानं ह्या दोन बाया आहेत. एकीले नोकरी भेटली, अन् पासपोर्ट दुसरीजवळ."

संस्कृतात द्विवचनाची सोय आहे. कुवेत सरकारकडे नाही.

२० नोव्हेंबर

दोनच वाटा. एक – सुमतीच्या नावाने नवा व्हिसा मागवायचा. तो कधी येईल सांगता येत नाही, तोवर जागा दुसऱ्या नर्सला जाईल. दुसरी – पासपोर्टच यमुनाच्या नावाने करून घ्यायचा. प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात, नवऱ्याची संमती.

सुमती पोळ्या लाटत होती. वर न बघता म्हणाली, "नाव माह्यंच आहे. तुमी सही कराल ना?"

करीन म्हणालो. जेवलो. वांग्याची भाजी तिखट होती.

२ डिसेंबर

जाहिरात मीच लिहिली. 'विवाहपूर्व नाव पुन्हा धारण केले आहे.' धारण! जसा काही मुकुटच. बदलून 'घेतले आहे' केलं. मग परत 'धारण' केलं.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने 'सुमती' मीच लिहिलं होतं. त्याआधी दोन दिवस कोश चाळत होतो. विणकरांच्या घरात संस्कृत शिकलेला मी एकटा, तेव्हा नाव साधंसुधं कसं चालेल! मांडवात अर्थ कुणालाच कळला नाही. सगळ्यांनी छान म्हटलं.

तिलाही त्या दिवशीच कळलं, तिचं नाव काय ते.

७ डिसेंबर

कोर्टात गेलो. तिचा भाऊ देवराव साक्षीला उमरेडहून एसटीने आला, हातमाग बंद ठेवून.

कारकुनाने पुकारा केला, "यमुना हेडाऊ कोण?"

"मी!"

एवढंच. पण हा आवाज मी घरात कधी ऐकलेला नाही. वॉर्डात असा असेल.

बाहेर चहा पिताना देवराव म्हणाला, "भाऊजी, खरं सांगू का? आमी तर तिले आजूनही यमीच म्हणतो. तुमचं नाव फक्त पत्राच्या पाकिटावर!" आणि खो खो हसला. मीही हसलो. ती हसली नाही. बशीत चहा ओतत राहिली.

दुपारी अधिवेशनाला. मंत्री बोलले, मी लिहून घेतलं, तार केली. कोणता मंत्री, आता आठवत नाही.

२३ जानेवारी १९७८

नवा पासपोर्ट आला.

"आता घरात काय म्हणू तुला?"

"हाक मारा म्हंजे झालं."

दिवसभर हाक मारायची वेळच येऊ दिली नाही. पाणी हवं होतं, उठून घेतलं.

११ फेब्रुवारी

गेली.

स्टेशनवर रुपराव, देवराव, तिच्या इस्पितळातल्या चार सिस्टर. सगळ्या रडल्या. ती नाही, मी नाही. गाडी हलता हलता म्हणालो, "माझ्या व्हिसाचं विचार तिथे." म्हणाली, "विचारते. दुधाचं पातेलं झाकत जा."

आणखी काहीतरी बोलायचं होतं. काय, ते घरी येईपर्यंत विसरलो.

१२ फेब्रुवारी

पातेलं झाकलं.

३० एप्रिल

ऊन भयंकर. तिचं पत्र आलं. तिथलं ऊन नागपूरसारखंच, पण पन्हं नाही. वॉर्ड मोठा आहे. बरोबरच्या केरळच्या पोरी तिला 'यमुना चेची' म्हणतात, म्हणजे ताई. माझ्या व्हिसाबद्दल – चौकशी चालू आहे.

पुण्याला संपादकांना कळवलं, जुलैपासून माझ्या जागी माणूस बघा. वीस मिनिटं लागली लिहायला. वाटलं होतं, जड जाईल. काहीच वाटलं नाही.

५ जून

संपादकांनी माणूस नेमला. वामनराव. तरुण नाही, म्हातारा नाही, नम्र आहे. त्याला शहर दाखवत फिरतो आहे – पोलीस कचेरी, महापालिका, खापरखेड्याच्या वीजकेंद्रातले ओळखीचे लोक. जिथे तिथे ओळख करून देतो, "हे माझ्या जागी." लोक मला विचारतात, "अन् तुमी गा भाऊ?" सांगतो, "कुवेत." वजनदार शब्द आहे. पुढे कुणी काही विचारत नाही.

१४ जून

कोपऱ्यावरच्या शिंप्याने नवी पँट शिवून दिली. परदेशी जायचं म्हणून घेर थोडा जास्त ठेवलाय म्हणाला. वारा आला की दोन्ही पाय वेगवेगळ्या दिशेला जातात.

१९ जून

पत्र नाही, म्हणून रुपरावाच्या ऑफिसात गेलो. मला बघून तो पंख्याकडे बघायला लागला.

"भाऊ, तुमाले वहिनीनं सांगतलं नाही का? इस्पितळानं तर मे महिन्यातच इचारलं होतं, नवऱ्याले बोलवायचं का म्हणून. कागद तयार होता. वहिनीच नको म्हणाल्या."

"काहून?"

"ते मले कसं माहीत? चहा घेता?"

घेतला.

घरी येताना शेजारच्या पार्वतीबाईंनी ओट्यावरून हटकलं, "कवा चालले जी कुवेतले?"

म्हटलं, "पुढच्या महिन्यात."