पिंजऱ्याच्या दाराला तणसाची दोरी

गोरेगाव, २ डिसेंबर
चि. दुर्गेश्वरीस आजीचे उदंड आशीर्वाद. इकडे सारे खुशाल.

होस्टेलवाल्यांनी हाकललेले तुझे पक्षी एसटीतून उतरले, तर सगळ्यात आधी शेजारची रुख्मा पाहायला आली. मागून अख्खी गल्ली. मी म्हटलं, तिकीट लावू काय? दोघांतला हिरवा लई मिजासखोर, मले पाठ करून बसते.

पण पोरी, हा पिंजरा डोळे मिटून घेतला काय? ट्रे अर्धा निघते आन अडते, ओढला की घाण माझ्या लुगड्यावर. आठ दिवसांत चार तारा सुटल्या, रंगाचे पापुद्रे पडून राहिले. दाराची स्प्रिंग मेलेलीच. हिरवा चोचीनं दार उचलून अंगणात फिरते. माझ्या माहेरी, चिचगडला, बांबूच्या टोपलीखालून दांडगा कोंबडा निघत नव्हता!

म्हणून मी तणसाची, धानाच्या वाळल्या काड्यांची, दोरी वळून दार बांधलं. दोरीत चार लोंब्या राहिल्या, शोभून दिसतात. आम्ही भारे बांधणारे, दोन पाखरं आवरणार नाही काय?

रविवारी तुझ्या नूतनताईले पाहायला देवरीचे पाहुणे येऊन राहिले. पोरगा गजेंद्र, मोटारसायकली दुरुस्त करते. फोटो पाहिल्यापासून नूतन आरशापुढून हटत नाही. पण त्याची आत्या कडक, तिनं दोन स्थळं मोडली म्हणतात. पिंजरा समोरच टांगते, घर भरलेलं दिसते.

पत्राचा राग नको, माया ठेव.
तुझी आजी, जमुनाबाई

नागपूर, ६ डिसेंबर
ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

फोन केला, तर "लिहून पाठव, मले वाचायचं आहे" म्हणून तू ठेवून दिलास. मग वाच! दाराला दाण्यांची दोरी? आजी, तू कुलूप नाही, त्यांचं जेवण बांधलंस. आणि पिंजरा मी बघूनच घेतला. दुकानात ते दार माझ्याकडून उघडलंही नव्हतं.

ताई एवढी खुशीत असल्याचं मी कधी ऐकलं नाही. रविवारी पिंजरा आत ने.

तुझ्या रागासकट तुझं सगळं हवं असलेली,
दुर्गा

गोरेगाव, १० डिसेंबर
चि. दुर्गेश्वरीस आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी आलं, हिरव्यानं गाठ रविवारीच खाल्ली. नूतन चहा घेऊन आली आन हा थेट आत्याबाईच्या अंबाड्यावर! बसून गजरा कुरतडू लागला. नूतनचं तोंड तणसासारखं पिवळं. मले वाटलं, झालं, हेही स्थळ गेलं. आत्याबाई जरा हलल्या नाही. म्हणाल्या, मी पोरगी पाहाले आली, घरटं व्हाले नाही.

गजेंद्रानं रुमाल टाकून हिरवा धरला. मग पिंजरा मांडीवर घेऊन म्हणाला, असं काम मी केलं असतं तर गिऱ्हाइकानं पाना फेकून मारला असता. नूतननं पक्कड आणली, तार धरून बसली. दोघं पायरीवर तासभर. स्वयंपाक येते काय, हे कोणी विचारलंच नाही. चहा थंड. शेवटी आत्याबाई हसल्या, पोरगी हात काळे करते, चालते म्हणाल्या.

दार आता घट्ट बसते. ट्रेसाठी मात्र पत्रा कापून आणावा लागते, परत यावं लागल, असं तो म्हणाला. काल मी ट्रे ओढून पाहिला. लोण्यासारखा निघाला. मी नूतनले बोलली नाही, तूही बोलू नको.

लोभ तुझ्या पिंजऱ्यासारखा ढिला होऊ देऊ नको.
आजी

ता. क. पाहुणे येत्या रविवारी, चौदा तारखेले, येतो म्हणाले. आत्याबाई गजरा न घालता.