सिमेंटच्या आतलं घंटाघर

४ फेब्रुवारी

नाही म्हणजे नाही! चर्चचं घंटाघर पाडू देणार नाही. आज मिस्सेची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या समितीला तोंडावर सांगितलं. अध्यक्षाच्या खुर्चीत आमचा दादा. म्हणे, "तू आर्किटेक्ट ना? मग भेगा दिसत नाहीत तुला?" दिसतात की! म्हणून तर भांडतेय. फादर मधे पडले — चहा घ्या, चहा घ्या.

५ फेब्रुवारी

आज एकटीच वर चढले. खाली घडीव दगड, निम्म्यावरून विटा. दगड आणणारी पिढी संपली, पुढच्यांनी ऐपतीप्रमाणे पुरं केलं. तो सांधा मला वेदीवरच्या सोनेरी नक्षीपेक्षा आवडतो. सगळीकडे शिंपले भाजून केलेला चुना. हा चुना ओल पितो आणि उन्हात सोडून देतो, त्यावरच भिंत इतकी तगली. मग माझ्या लहानपणी, चर्चच्या जुबिलीला, कुणीतरी बाहेरून सिमेंटचा जाड थर चढवला. ओल आत कोंडली. पोपडा उचकटला तर आतला चुना भिजल्या पिठासारखा हातात आला.

सिमेंट काढा, पुन्हा चुना लावा — घंटाघर उभं राहील! पाडायचं कशाला?

"कुणीतरी" काय लिहिते मी? बाबांनीच लावून घेतलं ते.

८ फेब्रुवारी

दादा घरी आला. स्वयंपाकघराचं दार लोटून कुजबुजला, "भेगा कशानं पडल्या ते मलाही माहीत आहे. पण जुबिलीत बाबांना त्याच कामासाठी हार घातला होता गं! नव्वदीच्या माणसाला आता सांगायचं, तुम्ही वाट लावलीत म्हणून? पाडू, नवं बांधू, बाबांचं नाव देऊ. विषय संपला."

एक चूक झाकायला अख्खं घंटाघर पाडायचं? त्याचा बाबांवर जीव आहे, कळतं मला. म्हणूनच जास्त संताप येतो.

९ फेब्रुवारी

दिवसभर बाबांसमोर मिठाची गुळणी धरून बसले. दादाला काय नावं ठेवते? मीही तसलीच भित्री.

११ फेब्रुवारी

सांगून टाकलं. बाबा दाढी करत होते. "बाबा, तुमच्या सिमेंटनं भिंत आतून कुजतेय." एका गालावर साबण तसाच. "आम्हाला वाटलं, पक्की होईल," एवढंच बोलले आणि आरसा पालथा ठेवला. जेवले नाहीत.

दादाचा फोन — "झालं समाधान?" नाही झालं! त्यांचा तो अर्धा साबण लावलेला चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. पण शब्द मागे घेणार नाही. रविवारी समितीपुढे हेच बोलणार, बाबा पहिल्या बाकावर बसलेले असले तरी!

१२ फेब्रुवारी

बाबांचा अबोला. धरा म्हणावं! मीही त्यांचीच मुलगी.

१३ फेब्रुवारी

सकाळी बाबांची खाट रिकामी! दादा फोन उचलेना. तशीच धावत चर्चवर गेले. घंटाघराच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बाबा छिन्नी-हातोडीनं सिमेंट फोडत होते, मांडीवर सगळी भुकटी. त्यांच्यावर उन्हाची छत्री धरून दादा उभा, माझ्याकडे बघेचना.

बाबा मात्र माझ्यावरच डाफरले, "आत्ता येतेस? वरचं कोण काढणार?"