पसारा तसाच ठेवायचा

९ जानेवारी, सोमवार

विमा कचेरीत गेले. एकटीच. हे म्हणाले, "रजा उरली नाही." खरंच नसेल. बस डेपोतली सगळी रजा माझ्या इस्पितळात संपली.

दोन जिने चढून वर गेल्यावर पाटी — आजारभत्ता व अपंगत्व. हृदयाच्या माणसांना दुसरा मजला! कोणाची अक्कल, देव जाणे. मधल्या टप्प्यावर बसून घेतलं. शिपाई म्हणाला, "बाई, वाटेत बसू नका." म्हटलं, "वाटेत बसले तरच वर पोचेन रे बाबा."

खिडकीतला कारकून माणूस वाईट नव्हता, पण मान काही वर करीना.

"व्यवसाय?"

"घरकाम."

"म्हणजे काही नाही." आणि तिथे एक आडवी रेघ मारली. बत्तीस वर्षांचा संसार — एक रेघ!

"व्यवसाय काही नाही, मग काम करता येत नाही म्हणजे नेमकं काय करता येत नाही?"

मागे रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मीही हसले. काय करणार! मग सांगितलं — बादली उचलवत नाही, वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, अर्धी खोली झाडली की दम लागतो, आडवी झाले की गुदमरते म्हणून उशांना टेकून बसल्या बसल्या झोपते. त्याने रेघ खोडली नाही, पण शेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. म्हणाला, "यजमानांच्या विम्यात बायकोची सोय आहे. मंजूर झालं तर कचेरी रोज दोन तास कामाला बाई पाठवते. आधी आमच्या तपासनीस बाई घर बघून जातील."

रोज दोन तास. तेवढं झालं तरी पुरे आहे देवा.

१० जानेवारी

दिवसभर पडून. कालच्या जिन्यांची वसुली.

१४ जानेवारी, शनिवार

दादाचा फोन. "किती वेळा सांगू, इकडे ये. वहिनी आहे, मागची खोली रिकामी आहे. तिथे एकटी मरून पडलीस तर कळायचंही नाही कोणाला!"

"शुभ बोल रे दादा."

हे तिथेच होते, बुटाची नाडी बांधत. फोन ठेवल्यावर म्हणाले, "जा की. तुलाच आराम." नाडीकडे बघून म्हणाले, माझ्याकडे नाही.

दादा चांगला. वहिनीलाही नाव ठेवायला जागा नाही. पण बहीण चार दिवसांची पाहुणी असते तोवरच लाडकी. आणि असलं हृदय घेऊन गेलेली बाई परत येत नाही. इथलं कुलूप एकदा लागलं की लागलं. ह्या दोन खोल्या लहान आहेत, पण कुठल्या फळीवर काय आहे ते मला अंधारातही सांगता येतं. मला इथेच राहायचंय.

म्हणजे कचेरीची बाई मिळाली तर घर. नाही मिळाली तर दादाची मागची खोली. सरळ आहे.

१७ जानेवारी

मोठे डॉक्टर आज कागदावर चित्र काढून म्हणाले, "हृदयाचा हा एवढा भाग मेलाय. तो परत चालायचा नाही. उरलेल्यावर भागवायचं." म्हटलं, डॉक्टरसाहेब, उरलेल्यात भागवणं मला शिकवू नका, जन्म त्यातच गेला! ते हसले. दाखला दिला.

घरी आल्यावर ह्यांना सांगायला गेले. ते गॅलरीत उभे. "बरं," म्हणाले.

२१ जानेवारी, शनिवार

दिवाळखोरी पैशाचीच असते असं नाही, शब्दांचीही असते. आज दिवसभरात ह्यांचे शब्द — "औषध घेतलंस?" बस्स. जेवण डेपोच्या कँटीनमध्ये. घरी येतात ते बाहेरच्या खोलीपर्यंत. नोव्हेंबरात मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी कोसळले, ह्यांनीच आधी पाहिलं, ह्यांनीच उचलून खाली नेलं. तेव्हापासून हे असं. आधीही फार बोलके नव्हते, पण भांडायचे तरी! आता भांडतही नाहीत. कंटाळले असतील. दुखणाईत बायको म्हणजे बंद पडलेली गाडी — दुरुस्ती परवडत नाही आणि भंगारात घालवत नाही.

माझं ताट खालच्या मजल्यावरून येतं. टेलरबाई पाठवते. फुकट घेत नाही मी. तिच्या गिऱ्हाइकांचे हिशेब बसल्या जागी लिहून देते. "वहिनी, तुमच्यामुळे कळलं मला कोण कोण बुडवतंय ते!" म्हणते.

२ फेब्रुवारी, गुरुवार

तपासनीस बाई येऊन गेल्या. चांगलं झालं असं वाटतंय.

पहाटेच उठले होते. परक्या बाईने घरात पाऊल टाकायचं आणि कोपऱ्यात जाळं? छे! घर सांगतं बाई कशी आहे ते. बसत-उठत केर काढला. ओल्या फडक्याने फरशी पुसली, घसटत घसटत. भांडी घासली. पलंगावर धुतलेली चादर. देवापुढे दिवा लावला. मध्ये दोनदा छातीत कळ आली, जिभेखाली गोळी ठेवली आणि पुढचं उरकलं.

बाई वयाने माझ्याएवढ्याच. सगळं बघत हिंडल्या. "वा, किती छान ठेवलंय!" मला कसं बरं वाटलं. किती दिवसांनी कोणीतरी छान म्हणालं! चहा केला. नको नको म्हणत होत्या, पण घरी आलेल्या माणसाला कोरडं कसं पाठवणार? "तब्येत कशी आहे?" विचारलं. म्हटलं, "देवाच्या दयेने बरं चाललंय." वाईट कशाला बोलायचं, वास्तू तथास्तु म्हणते.

३ फेब्रुवारी

उठवत नाही. पाय सुजलेत.

४ फेब्रुवारी

तसंच.

२० फेब्रुवारी, सोमवार

नामंजूर.

"घर अत्यंत स्वच्छ व नीटनेटके. अर्जदार घरकाम करतात असे दिसून आले. पाहुणचार स्वतः केला. प्रकृती बरी असल्याचे स्वतः सांगितले."

एकही ओळ खोटी नाही! तेच तर दुखतंय.

टेलरबाई पत्र वाचून डोक्याला हात लावून बसली. "वहिनी, तुम्हाला काय बक्षीस मिळवायचं होतं का? अहो, तुमचं घर बघून त्या बाईला माझीच दया आली असती!" मग हसली, मग रागावली. "फेरतपासणी मागा. आणि ह्या खेपेला पसारा तसाच ठेवायचा. काडी उचलायची नाही. काय होत नाही तुमच्याच्याने ते दिसू दे की! आणि बरी आहे म्हणालात तर बघा, आयुष्यात तुमचा ब्लाउज शिवणार नाही."

अर्ज तिनेच नेऊन दिला.

६ मार्च, सोमवार

फेरतपासणी पुढच्या मंगळवारी. आजपासून काहीही करायचं नाही असं ठरवलंय.

कठीण आहे गं बाई! पलंगाखाली केसांचा गुंतवळ दिसतोय. पंख्याच्या वाऱ्याने इकडून तिकडे जातो, जणू मला खिजवतो. हात शिवशिवतात.

९ मार्च

मोरीत भांडी साठलीत. दुधाच्या पातेल्याला वास मारतोय. ओट्यावर मुंग्या. फरशीवर चिकट डाग पडलाय, चप्पल चर्रकन वाजते. हे येतात, बघतात, नाकाला रुमाल लावत नाहीत पण लावावासा वाटत असणार. मी का करत नाही ते विचारत नाहीत. मीही सांगितलं नाही. बोलणंच नाही तर ओघात तरी काय येणार?

देवाला म्हटलं, तुझी फळी तेवढी पुसते, तू ह्यात धरलेला नाहीस. बाकी मंगळवारपर्यंत डोळे मिटून घे.

खरं सांगायचं तर आता करीन म्हटलं तरी व्हायचं नाही. आधी वाटत होतं मी सोंग करतेय. आज नुसतं पातेलं उचलून बघितलं. दम लागला, ठेवून दिलं. सोंग नाही हे. पसारा खराच माझा आहे.

१३ मार्च, सोमवार

उद्या. काय बोलायचं ते घोकून ठेवलंय. "बरी नाही." तीन वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं. आवाज माझा वाटत नव्हता.

१४ मार्च, मंगळवार

करायला गेले एक आणि झालं भलतंच.

जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. उशांना टेकूनच झोप लागली होती, गोळीने जरा गाढ. वाटलं टेलरबाई आली. हळूहळू भिंतीला धरून आत गेले — तर हे! पायजमा गुडघ्यापर्यंत वर, अंगावर साबणाचा फेस. फरशी लख्ख. मोरी रिकामी. ओटा घासलेला. सगळे चमचे फडक्यावर लहान-मोठे असे ओळीने मांडलेले, डेपोत नटबोल्टांचे पाने मांडतात तसे! बत्तीस वर्षांत स्वतःचा कप न विसळलेला माणूस!

"अहो, काय केलंत हे!" मी ओरडलेच.

"पाहुणे यायचेत ना आज? कॅलेंडरवर लिहिलंयस. आणि घर असं?"

"तसंच हवं होतं ते! घाण हवी होती मला!"

हे बघतच राहिले. मला पुढे बोलवेना, दम लागला. खुर्चीत बसवलं त्यांनी. पाणी दिलं. पेला बाहेरूनही ओला होता.

तेवढ्यात बेल. तपासनीस बाई दारात. आत आल्या, चहूकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी घोकलेलं सगळं विसरले. म्हटलं, "मी बरी नाही. हे मी नाही केलेलं." कोण विश्वास ठेवणार!

"मग कोणी केलं?"

"मी," हे म्हणाले. पायजमा अजून वरच.

"एरवी कोण करतं?"

"कोणीच नाही. आठवडाभर हात लागला नव्हता."

"आणि तुम्ही इतके दिवस का नाही केलंत?" बाई चिडून नाही, नुसतंच विचारत होत्या.

हे भिंतीकडे बघून म्हणाले, "ती ओट्यापाशी पडली होती. मला आत पाऊलच टाकवत नव्हतं."

माझ्यासाठी नव्हतं ते बोलणं. कचेरीच्या बाईसाठी होतं. मी मध्येच ऐकलं.

बाईंनी लिहून घेतलं. चहा कोणी केला नाही. "कळवू," म्हणून गेल्या.

१५ मार्च

टेलरबाईला सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग पदराने डोळे पुसले. "वहिनी, तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी! एकीने घासून घालवलं, दुसऱ्याने घासून घालवलं."

हे सकाळी नेहमीसारखे डेपोत गेले. कालचा विषय नाही. एकदाच हिंमत झाली असेल.

२८ मार्च, मंगळवार

सारखं तेच मनात येतं. आत पाऊल टाकवत नाही म्हणाले. म्हणजे मी दिसले की त्यांना ओट्यापाशी पडलेलीच दिसते. रोज दाराबाहेर बूट काढताना छाती धडधडत असेल त्यांची. असं कोणाच्या डोळ्यांपुढे जगायचं म्हणजे आपणच त्याचं दुखणं व्हायचं. त्यापेक्षा जावं. निदान त्यांना झोप लागेल.

कचेरीचं काय होणार ते दिसतंच आहे. दादाला फोन केला. "शनिवारी, आठ तारखेला गाडी घेऊन येतो," म्हणाला. वहिनीने फोन घेऊन विचारलं, "तुम्हाला उशी मऊ लागते की कडक?" चांगली आहे बिचारी.

ह्यांना सांगितलं. "ठरलं का?" म्हणाले. "ठरलं," म्हटलं. मग कितीतरी वेळ वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसले होते.

५ एप्रिल, बुधवार

बॅग भरली. बसून बसून, एकेक लुगडं मांडीवर घडी करून. टेलरबाईने ती दाराशी नेऊन ठेवली. तिचे हिशेब गेल्या महिन्यापर्यंत पुरे करून दिलेत.

घरातली कुठली वस्तू कुठे आहे ते ह्यांना लिहून ठेवणार होते. लिहायला बसले आणि जमेना. एवढं सगळं कागदावर मावत नाही.

६ एप्रिल, गुरुवार

पत्र आलं. नामंजूर. कारण — "घरकाम करण्यास समर्थ व्यक्ती घरात आहे: पती."

ह्यांनी दोनदा वाचलं. मग स्वतःच दादाला फोन लावला. "शनिवारी येऊ नका," एवढंच बोलले आणि स्वयंपाकघरात गेले. आत गेले!

बॅग अजून दाराशीच आहे. मला उचलवत नाही. आत न्यायला सांगते त्यांना.