कोळशाच्या धक्क्याला चुना

२१ नोव्हेंबर १९७३, सातारा

साहेब भेटले! जुन्या वास्तू जपणारे. आमच्या कोळसावाडीचं सगळं सांगून टाकलं — छोट्या रेल्वेलाइनीची इंजिनं, कोळसा कंपनीच्या चाळी, दगडी धक्का. धक्क्याच्या पायऱ्यांवर बायका रांगेनं उभ्या राहायच्या, हातोहात पाट्या वर द्यायच्या, इंजिनात कोळसा पडायचा. आई होती तेव्हा तीही. आता मोठी लाइन लांबनं गेली, कंपनीनं गाशा गुंडाळला. धक्का फोडून रस्त्याला खडी करणार म्हणे!

साहेब म्हणाले, "सत्तावीसला येतो. पटलं तर पाडकाम थांबवतो. पण कशाला हात लावू नका. आहे तसं दाखवा."

राहीआत्याला कार्ड टाकलं — साहेब सत्तावीसला येतायत, बाकी तोंडी.

२२ नोव्हेंबर

निघालो घरी, पण स्टँडवर म्हसवडची गाडी! सिद्धनाथाची यात्रा. टपावरसुद्धा माणसं. दोन दिवसांनी काय बिघडतंय?

२५ नोव्हेंबर, म्हसवड

रथ! कानात गुलाल. लय मजा.

२६ नोव्हेंबर, कोळसावाडी

मेलो.

धक्का पांढराफेक! साहेब येणार म्हणून बायकांनी खालपासून वरपर्यंत चुना मारलाय. राहीआत्या चुन्यानं माखलेली, हसतीय — "कसा दिसतोय रं? नवरदेवच!"

साहेबांचं 'हात लावू नका' सांगितलं. आत्या मटकन खाली बसली. "आदी का न्हाई बोंबललास?"

बिराप्पा मुकादम म्हणाला, "तुज्यापरास मेंढरू धाडलं असतं, गड्या. सरळ घरी आलं असतं."

२७ नोव्हेंबर

साहेबांचं तोंडच उतरलं. "कोळशाच्या सगळ्या खुणा पुसल्यात की हो!"

मग आत्या उठली. कोळशाचा चुरा पाण्यात कालवला, पंजा बुडवला आणि पायरीशेजारच्या भिंतीवर — थाप! "सायेब, ही माजी जागा. हितनं पाटी वर द्यायची."

मग बनाबाई. शालूबाई. सगळ्याच! जिची जिथं जागा, तिथं तिचा पंजा. काळ्या हातांची रांग पायऱ्या चढत गेली. चुन्यावर काय उठून दिसत होती! साहेब फोटो काढत सुटले.

मधेच एक जागा रिकामी.

"ही कुणाची?"

आत्यानं माझं मनगट धरून हात काळ्यात बुडवला. "ह्याच्या आईची. लाव रं."

लावला.

८ डिसेंबर

साहेबांचं पत्र आलं — धक्का राहणार!! राखणदार पाहिजे, तर आत्यानं मला न विचारता माझंच नाव दिलंय. दुपारी म्हसवडची गाडी गेली. हात केला — थांबवायला नाही, टाटा करायला.