कोठीतली हवा

प्रिय धाकट्या,

आधी हे वाच: बाबा सुखरूप आहेत. काल दिवसभर ऑक्सिजनवर होते, आज उठून बसलेत आणि चहा पाणचट आहे म्हणून नर्सशी हुज्जत घालताहेत.

परवा दुपारी मी हॉस्पिटलच्या लाँड्रीतून त्यांचा डबा घेऊन बॉयलरखोलीत गेले, तर ते तळघरातल्या जळणाच्या कोठीत उतरलेले. लाकडी भुशाच्या कांड्यांचं ढेकूळ बॉयलरकडे जाणाऱ्या नळात अडकलं होतं आणि कुणाची वाट पाहणं त्यांच्या स्वभावात नाही. चाळीस वर्षं लाकूड जाळलेल्या माणसाला लाकडाची कसली भीती! जगात अजून कोट्यवधी घरांची चूल लाकडावरच पेटते, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. बंद कोठीत याच कांड्या विषारी वायू सोडतात, त्याला ना रंग ना वास, हे तू घसा फोडून सांगितलंस, तेव्हा तुला भित्रा म्हणाले. शेवटी तू बॉयलरच बंद केलास. हॉस्पिटलला अर्धा दिवस गरम पाणी नव्हतं, आणि तुझी नोकरी गेली. बाबांशी भांडण होऊन घरही सुटलं.

तर परवा खालून एकदम कर्कश शिट्टी सुरू झाली. बाबा शिडीवर धडपडत वर आले, मी कॉलर धरून त्यांना बाहेर ओढलं. शिट्टी त्यांच्या स्वेटरच्या आतून वाजत होती. विषारी वायू लागताच वाजणारा तुझा गॅसमीटर! तू गेल्यावर त्यांनी तो भंगारात टाकला, असंच मी धरून चालले होते. दोन वर्षं रोज खिशात बाळगला, बॅटऱ्या स्वतः बदलल्या, पण तोंडातून चकार शब्द नाही. पायरीवर बसून धापा टाकत एवढंच म्हणाले, "पोरगं खरं बोलत होतं गं." मला रडू आवरेना.

आता माझं. तुझ्या चौकशीत हॉस्पिटलच्या साहेबांनी मला विचारलं होतं, लाँड्रीत कुणाचं डोकं दुखतं का? कोठीची भिंत आमच्या खोलीला लागून, आणि तो वायू झिरपला की आधी डोकं दुखतं. माझं रोज दुखायचं. बाबांच्या धाकाने मी "नाही" म्हणाले, आणि तू खोटा ठरलास. आज सकाळी मी खरं काय ते लिहून, सही करून साहेबांच्या हातात दिलं. दोन वर्षांनी मोकळा श्वास घेतेय. कोठीला आता पंखे बसताहेत. माझ्यावर चिडायचं तर खुशाल चिड, पण समोर येऊन चिड.

तुझीच,
तेव्हा गप्प बसलेली ताई