टायमिंग मी बिघडवलं

मृणाली,

काल्हेरला ड्युटीवर चाललोय, म्हणून लिहून ठेवतो. काल वडप्याच्या पुलावर बाबांची गाडी दम सोडून बंद पडली आणि ते तुला बोलले, त्यात तुझी चूक नव्हती.

परवा तू त्या गाडीच्या इंजिनाचं टायमिंग, ठिणगी पडायची वेळ, कानाने ऐकून लावलंस तेव्हा बाबा म्हणाले, "हिचा कान माझ्यावर गेलाय." दहा वर्षं मी त्यांच्या हातात पाने देतोय, मला असं कधी म्हणाले नाहीत. तू चहा करायला आत गेलीस आणि तू लावलेलं टायमिंग बिघडावं म्हणून मी डिस्ट्रिब्युटर फिरवून ठेवला.

आज पहाटे तो परत जागेवर आणायला गेलो, पण इंजिन ठोकतंय. कार्बोरेटरला हात लावलेला नाही, बिघाड फक्त टायमिंगचा आहे. बाबांना संध्याकाळी मीच सांगतो.

तू इंजिनात नेमकं काय ऐकतेस, ते मला शिकवशील का?

दादा